भट्टीजवळची वाचनखोली

सौंदडच्या बाहेर वीटभट्टी आहे. दिवाळीनंतर तिथे छत्तीसगडहून कुटुंबं येतात आणि पाऊस लागायच्या आत परत जातात. त्यांच्या मुलांसाठी मी एक वाचनखोली चालवत होते. खोली शेजारच्या शेतकऱ्याची, धानाची पोती ठेवायची. तो नेहमी म्हणायचा, "कायले एवढी मेहनत करून राहिल्या, बाई? गावाकडे गेले का लेकरं सारं विसरतेत."

मी हसून सोडून द्यायचे.

एका हंगामात दहाएक वर्षांची मुलगी येऊ लागली. कडेवर धाकटा भाऊ. सकाळभर उन्हात ओल्या विटा पलटायच्या, दुपारी भाऊ झोपला की खोलीत यायचं. तिला एकही अक्षर येत नव्हतं. होळीच्या सुमारास तिनं बकरीची एक हिंदी गोष्ट पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली आणि आईला ओढत घेऊन आली. आई दारातच थांबली, हात चिखलानं भरलेले. मुलीनं पुन्हा सगळं वाचलं.

"ये सब इसमें लिखा है?" आईनं विचारलं. "कि तू अपने मन से बोल रही है?"

मुलगी इतकी हसली की भाऊ जागा झाला. पावसाआधी ती गावी निघाली तेव्हा ते पुस्तक मी तिलाच दिलं.

पुढच्या दिवाळीनंतर ती आली तेव्हा उंच झाली होती. पुस्तक पावसात भिजून गेलं म्हणाली. माझ्याकडे दुसरी प्रत होती, ती मी तिच्यापुढे ठेवली. तिनं पहिलं पान उघडलं. मग चित्रावर बोट ठेवून म्हणाली, "बकरी." खालचा शब्द मात्र तिला लागेना. गावच्या शाळेतून तिचं नाव कमी झालं होतं. घरात दुसरा छापील कागद नव्हता.

"हम पढ़ते थे न, मैडम?" तिनं विचारलं. दुसऱ्याच कुणाबद्दल विचारावं तसं.

"पढ़ती थी," मी म्हणाले.

आम्ही पुन्हा अक्षरांपासून सुरुवात केली. तिच्याहून लहान मुलं शेजारी बसून भराभर वाचायची. ती मान खाली घालायची. मग यायची थांबली. मी भट्टीवर गेले. बाप हातातलं काम न थांबवता म्हणाला, "अब बड़ी हो गई. साँचा पकड़ती है."

ती विटांच्या साच्यात माती थापत होती. "दोपहर को आ जाना," मी म्हणाले.

"आऊँगी," ती म्हणाली. वर बघितलं नाही. आली नाही.

त्याच उन्हाळ्यात शेतकऱ्याला उन्हाळी धानासाठी खोली हवी झाली. पुस्तकांच्या पेट्या त्यानंच ऑटोत ठेवल्या. मला वाटलं, आता म्हणेल, सांगितलं होतं ना. तो काहीच बोलला नाही. ते जास्त लागलं.

भट्टीवर यंदाही कुटुंबं आली आहेत. बाजाराला जायला भट्टीजवळचा रस्ता जवळचा पडतो. मी लांबच्या रस्त्यानं जाते.