गलबताच्या बिजागऱ्या

ती घटना आजही आठवते, कारण फिर्यादीलाच आरोपी करून टाकायची एवढी घाई मी दुसऱ्या कुठल्या गुन्ह्यात पाहिली नाही. आणि ही फिर्यादी अशी, की तिच्यावर संशय घेणं सगळ्यांनाच सोयीचं होतं. विधवा, एकटी राहणारी, तोंडाने फटकळ आणि वर मोटार चालवणारी.

दोन हजारचं दशक निम्मं सरलं होतं. पनवेलच्या एका ठाण्यात गुन्ह्यांचा तपास माझ्याकडे होता. सकाळची हजेरी नुकतीच संपली होती, ठाणे अंमलदार स्टेशन डायरी लिहीत बसला होता. आधी मासळीचा वास आला आणि मागून बाई आल्या. गुडघ्यापर्यंत खोचलेलं नऊवारी लुगडं, कमरेला रिकामी पाटी. माझं गलबत चोरीला गेलं, असं त्यांनी सांगितलं. अंमलदाराने मान वर न करता त्यांना बंदर खात्याकडे जायला सांगितलं. त्यावर बाईंनी त्याला जे काही ऐकवलं, ते इथे लिहिता येण्यासारखं नाही.

गलबत म्हणजे मोटार होती. बाईंचे यजमान मूळचे उरणजवळच्या करंज्याचे, पण बोटीपेक्षा इंजिनात जीव रमणारे. त्यांनी कधीकाळी एक जुनी परदेशी मोटार भंगारातून उचलली, तिचं छप्पर कापलं, जीपचं डिझेल इंजिन बसवलं, पांढरा रंग दिला. लांबीला एवढी, की करंज्यातल्या लोकांनी तिला गलबत म्हणायला सुरुवात केली. उरणपासून पनवेलपर्यंत आगरी-कोळ्यांच्या लग्नात नवरानवरीची वरात त्या मोटारीतून निघायची. यजमान आजारपणात गेले. मग बाईंनी स्वतःच स्टिअरिंग धरलं. पहाटे करंज्याच्या लिलावात मासळी घ्यायची, दिवसभर पनवेलच्या बाजारात विकायची आणि लग्नसराईत डोक्याला फेटा बांधून वरातीची गाडी हाकायची. लोक आधी हसले, नंतर नवरीच्या बाजूचे मुद्दाम त्यांनाच बोलवायला लागले.

त्या पहाटे त्या नेहमीप्रमाणे मासळीच्या टेम्पोने लिलावाला गेल्या होत्या. परत पनवेलला येऊन बघतात तर घरालगतच्या शेडला कुलूप तसंच आणि आत गाडी नाही. आम्ही भादंवि ३७९ खाली गुन्हा दाखल केला, जागेचा पंचनामा केला. कडी शाबूत, कोयंडा शाबूत, कुलपावर ओरखडा नाही. शेडची नि गाडीची किल्ली बाईंच्या कमरेला. दुसरा जुडगा यजमानांच्या आजारपणात कुठे हरवला तो हरवला, असं त्यांचं म्हणणं. अशा वेळी पोलिसाच्या मनात जे येतं तेच माझ्याही मनात आलं.

दुसऱ्या दिवशी खबऱ्याचा निरोप आला. एक फार्महाउसवाला शोभेला ठेवायला ही गाडी मागत होता, बाईंच्या घरी येऊनही गेला होता. बाईंना विचारलं तर त्यांनी कबूल केलं. आला होता, हाकलून दिला, म्हणाल्या. पण हे त्यांनी आपणहून सांगितलं नव्हतं. पाठोपाठ करंज्याहून त्यांची सासू आणि धाकटा दीर ठाण्यात आले. दीर न्हावा शेव्याला ट्रेलर चालवायचा. चेहऱ्याने गरीब, बोलायला गोड. भाऊ गेल्यावर वाटणीवरून बोलाचाली झाली, तेव्हापासून मी वहिनीच्या दाराशी गेलो नाही, तिच्याशी शब्द बोललो नाही, गाडी डोळ्यांनी पाहिली नाही, असा त्याने जबाब दिला. वहिनीविरुद्ध एक वाईट शब्द बोलला नाही. ते काम त्याच्या आईने केलं. म्हातारी बाईंच्या समोरच मला म्हणाली, "हिनंच इकली, साहेब. माज्या लेकाची निशानी हिनं इकून खाल्ली."

आमच्या ठाण्यातल्या लोकांना शिव्या देणारी ती बाई त्यावर नुसती बाकड्यावर बसून राहिली. त्या आठवड्यात बाजारात शेजारच्या कोळणींनी तिच्यापासून पाटी लांब सरकवून मांडली, हेही मला कळलं. मला तिचा राग येत होता खरा, पण जबाबांची फाइल मी पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतली.

माझ्या वरिष्ठांना काही पुन्हा वाचण्याची सवय नव्हती. "कुलूप शाबूत, गिऱ्हाईक ठरलेलं, घरचीच साक्ष. खोटी खबर दिल्याबद्दल बाईवरच कारवाई करा आणि फाइल हातावेगळी करा," असा त्यांचा आदेश आला. मी दोन दिवस मागून घेतले. कपाळाला आठ्या घालून त्यांनी ते दिले.

आमच्या पथकाने उरणच्या रस्त्यावरचे धाबे आणि टपऱ्या धुंडाळायला घेतल्या, आणि मी गाडीची पक्की ओळख मिळावी म्हणून बाईंना घेऊन गॅरेजमध्ये गेलो. चोरीच्या आधीच्याच आठवड्यात गाडी तिथून दुरुस्त होऊन घरी गेली होती. गॅरेजवाले चाचा वयस्क गृहस्थ. त्यांनी एका डब्यातून झिजलेल्या पिना काढून माझ्या हातावर ठेवल्या. गलबताची दुखणी तेव्हा मला कळली. बॉनेटच्या दोन्ही बिजागऱ्यांची भोकं झिजून लांबट झालेली, त्यामुळे बॉनेट वर केलं की एका अंगाला कलंडायचं, स्प्रिंगाही मेलेल्या. यजमानांच्या काळापासून काठीचा टेकू दिल्याशिवाय ते उभंच राहत नसे. चालकाच्या बाजूचं दार बोटभर खाली लोंबलेलं. खालून हात घालून उचललं तरच लागायचं. मागच्या हंगामात भर वरातीत ते दार लागेना आणि बाईंचं हसं झालं होतं.

असल्या गाडीचे सुटे भाग बाजारात कुठले मिळायला? चाचांनी भोकं भरून पुन्हा गोल पाडली, लेथवर पितळी बुश आणि नव्या पिना करून घेतल्या, दुसऱ्या गाडीच्या स्प्रिंगा जुळवून बसवल्या. बाई रोज बाजार उरकून तिथे येऊन बसत, दार पेलून धरत. काम संपल्यावर चाचांनी बॉनेट वर केलं आणि हात सोडला. ते जागच्या जागी उभं राहिलं. बाई म्हणे डोळ्यांना पदर लावून रडल्या होत्या.

मी विचारलं, ही दुरुस्ती कुणाकुणाला माहीत होती? बाई म्हणाल्या, "कुनाला नाय सांगितली. पयल्या वरातीत दाखवनार होते समद्यांना. हसले होते ना?" चाचांनीही बाहेर कुणाकडे विषय काढला नव्हता.

संध्याकाळी हवालदाराने उरण रस्त्यावरच्या एका चहावाल्याला हजर केलं. हा माणूस साक्ष द्यायला आला होता की तक्रार करायला, ते मला आधी समजेना. त्या पहाटे लांबलचक पांढरी गाडी त्याच्या टपरीशी थांबली होती. रेडिएटरमधून वाफ येत होती. चालवणाऱ्याने डोक्या-तोंडाला टॉवेल गुंडाळलेला, सोबत कुणी नाही. खाली उतरल्या उतरल्या तो म्हणाला, बॉनेटला लावायला काठी दे. चहावाल्याने बिचाऱ्याने टपरीच्या ताडपत्रीचा बांबू उपसला, ताडपत्री त्याच्याच अंगावर आली. तोवर त्या माणसाने बॉनेट उघडलं होतं, आणि ते आपलं आपण उभं! माणूस हात सोडून बघत राहिला, हसला, पाणी भरलं आणि निघाला. जाताना खालून हात घालून दार असं उचलून आपटलं, की टपरीवरच्या बरण्या हादरल्या. माझी ताडपत्री कोण बांधून देणार, हा चहावाल्याचा मुख्य मुद्दा होता.

मी त्याला आणखी एक चहा पाजला. त्याला चेहरा ओळखता येणार नव्हता, पण माझं काम झालं होतं. गिऱ्हाइकाचा माणूस असता तर त्या गाडीला काठी लागते हे त्याला माहीत नसतं. बाईंनी पढवून पाठवलेला असता तर आता काठी लागत नाही हे त्याला माहीत असतं. काठी मागणारा माणूस गाडीच्या जुन्या दिवसांतला होता, नव्या दिवसांतला नव्हता. म्हणजे घरचाच. पण एवढ्यावर कोर्ट मला उभं करणार नव्हतं. गाडी कुठे आहे हे त्याच्या तोंडून निघायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दिराला बोलावलं. तो आईला घेऊनच आला. बरंच झालं. पोलीस ठाण्यात सोबतीला आई आणणाऱ्याला आपल्या भोळेपणाची जरा जास्तच खात्री असते. म्हातारीला मी केबिनमध्येच खुर्ची दिली, चहा मागवला. तपासाबद्दल काही विचारलं नाही. तुमची मदत हवी आहे, असं म्हणालो. गाडीचा माग लागतोय, सापडली की इंजिन नंबर पडताळायला बॉनेट उघडावं लागेल. शिपायाबरोबर काठी द्यायची आहे, तर ती बांबूची चालेल की जाड लाकडाची लागेल, एवढंच सांगा.

ट्रेलर चालवणारा माणूस. गाडीतलं कळत नाही अशा साहेबाला शिकवायची संधी त्याला सोडवेना. कप खाली ठेवत तो म्हणाला, "काठी कशाला, साहेब? आता नाय लागत. वर केलं की ऱ्हातं उबं."

पुढचा प्रश्न माझ्या ओठांवर होता. तो मला विचारावाच लागला नाही. म्हातारी खुर्चीत वळली आणि लेकाकडे बघत म्हणाली, "तू तर तिच्या दाराशी गेला नव्हतास. मंग तुला कसं ठावं?"

दीर म्हणाला, कुणीतरी सांगितलं. कुणी, म्हणून म्हातारीनेच विचारलं. वहिनीने, असं त्याच्या तोंडून गेलं, आणि तिच्याशी शब्द बोललो नाही हा त्याचा जबाब त्याच्या सहीनिशी माझ्या टेबलावर पडलेला होता. म्हातारीने कपाळावर हात मारून घेतला. मी नोकरीत पुष्कळ उलटतपासण्या ऐकल्या, त्या म्हातारीइतकी नेमकी एकही नाही. बोटही लावावं लागलं नाही, दहा मिनिटांत पठ्ठ्या बोलू लागला. हरवलेला जुडगा भावाच्या उशाखालून त्यानेच उचलला होता. बाईंनी हाकललेला फार्महाउसवाला त्याला येऊन भेटला होता.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, पण आरोपीने दाखवलेली वस्तू चालते. पंचांसमक्ष त्याचं सांगणं लिहून घेऊन निवेदन पंचनामा केला आणि त्याला घेऊन निघालो. उरण रस्त्यालगतच्या एका बंद पडलेल्या वीटभट्टीच्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली गलबत उभं होतं. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येणार होतं. मी स्वतः बॉनेट उघडून हात सोडला. ते हललंसुद्धा नाही. आमचे हवालदार, पंच, अगदी हातकडी घातलेला दीरसुद्धा त्याकडे कौतुकाने बघत होते, आणि खरं सांगतो, मला टाळी वाजवावीशी वाटली.

कोर्टाकडून सुपूर्तनामा होऊन गाडी बाईंच्या ताब्यात दिली, त्या दिवशी वरिष्ठ आपणहून आवारात आले. गाडीभोवती एक फेरी मारली, दार एका बोटाने ढकलून लावून पाहिलं आणि "छान काम झालंय" म्हणाले. ते कुणाच्या कामाबद्दल बोलले हे आम्ही विचारलं नाही. पुढे दोषारोपपत्र गेलं, दिराला शिक्षा झाली.

या तपासाने मला काय शिकवलं, असं कुणी विचारलं तर सांगतो. घरचा माणूस हळहळत साक्ष द्यायला आला की आपण त्याला खुर्ची देतो, आणि फटकळ बाईला बाकड्यावर बसवतो. बाकड्यावरच्या माणसाचं आधी ऐकावं. तिथून पुढे सेवेत असेपर्यंत मी ते पाळलं.

गाडी परत मिळाल्यावर महिन्याभराने करंज्याला एका वरातीचं मला आमंत्रण होतं. बेंजो वाजत होता, बंदराच्या रस्त्याला अर्धा गाव लोटला होता. फेटा बांधलेल्या बाई गलबत हाकत होत्या, मागे नवरानवरी. बाजारात पाटी लांब सरकवणाऱ्या कोळणी गाडीपुढे नाचत होत्या. आणि चालकाशेजारच्या सीटवर म्हातारी सासू. रस्त्यात कुणी हात केला की तिने गाडी थांबवायला लावायची आणि न विचारता सांगायचं. माझ्यापाशी पोहोचल्यावरही तिने गाडी थांबवली. बाईंच्या खांद्यावर हात ठेवून ती मला म्हणाली, "साहेब, ही माजी सून हाय. माज्या लेकाची निशानी हिनं राखली."

बाईंनी समोरच बघत गिअर टाकला. गालांवरून पाणी ओघळत होतं, ते त्यांनी पुसलं नाही, कारण दोन्ही हात गाडीवर होते.