अध्यक्षांचा सहावा नंबर

माझी थोरली बहीण आइस्क्रीम सोडा करायची. एक-दोन दिवस नाही, एकोणतीस वर्षं, एका कोल्ड्रिंकच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून. फ्लोट म्हणतात त्याला. उंच ग्लासात तळाला सिरप, वर गार सोडा, आणि सोड्यावर तरंगणारा आइस्क्रीमचा गोळा. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? असं म्हणणाऱ्या लोकांनीच तिची वाट लावली, आणि त्या लोकांत मीही आहे. हे आधीच सांगून टाकते, नंतर सांगायला जीभ रेटणार नाही.

ताई एकोणिसाव्या वर्षी त्या दुकानात ग्लास विसळायला लागली. वर्षभरात काउंटरवरची बाई लग्न करून गेली आणि मालकांनी ताईच्या हातात स्कूप दिला. तेव्हापासून ती आणि स्कूप, दोघांची फारकत झाली नाही. लग्न झालं, नवरा सहा वर्षांत गेला, मूल नव्हतं. तेराव्या दिवसाची वाट न बघता बाई कामावर हजर. लोकांनी नावं ठेवली. मीही ठेवली. ती म्हणाली, "घरात बसून भिंतींशी बोलू का? तिकडे निदान माणसं येतात."

तिची पद्धत सांगते, कारण पुढचं सगळं त्या पद्धतीनंच झालं. ग्लास आधी बर्फाच्या कप्प्यात गार करायचा. गिऱ्हाईक बसल्याशिवाय सोडा फोडायचा नाही. ग्लास तिरपा धरून सोडा कडेनं सोडायचा, धबकन ओतला की गेला. आइस्क्रीम दगडासारखं घट्ट हवं, गोळा ग्लासाच्या काठावर टेकवून हळूच आत सरकवायचा. मग फेस वर येतो, काठापर्यंत येतो आणि थांबतो. थांबलाच पाहिजे. एक थेंब जरी बशीत सांडला तरी ताई तो ग्लास मोरीत ओतायची आणि दुसरा करायची. मालक सुरुवातीला ओरडायचे, मग थकले.

आणि रांग. रांगेच्या बाबतीत तर ती कर्दनकाळ. एकदा म्हणे पोलिसांतला कोणी मोठा अधिकारी आला आणि सरळ काउंटरवर कोपर टेकून उभा राहिला. ताईनं वर न बघता सांगितलं, "तुमच्या आधी ही शाळेतली मुलगी आहे." तो माणूस हसला, मागे सरकला, आणि पुढे दर शनिवारी येत राहिला, रांगेत. हा किस्सा ताईनं मला शंभरदा ऐकवला असेल. माणसाला रांगेत उभं केलं की तो आपला मान ठेवतो, हे तिच्या डोक्यात कायमचं बसलं. अगं, पण तिथे मधे काउंटर होता! काउंटरच्या अलीकडे-पलीकडे राजा आणि रंक सारखाच. घरी काउंटर नसतो, हे तिला कोणी सांगायचं?

दुकानाची इमारत पाडायला निघाली आणि ताई घरी बसली. ती आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर, मी तिसऱ्या मजल्यावर. खायला-प्यायला कमी नव्हतं, नवऱ्याची पेन्शन होती. पण बाई वाळत चालली. सकाळी केस विंचरून, ठेवणीतली साडी नेसून खुर्चीत बसायची आणि संध्याकाळी तशीच उठायची. मी कधी खाली गेले की म्हणायची, "आज तू पहिलीच." दुसरी कोणी येणार नसायची.

मग तिच्या डोक्यात खिडकी आली. तिच्या स्वयंपाकघराची खिडकी फुटपाथवर उघडते. शनिवार-रविवार चार ते सात तिथून फ्लोट द्यायचे, बस्स. "मला त्यातून बंगला बांधायचा नाही गं," म्हणाली. "चार माणसं खिडकीशी आली, माझ्याशी दोन शब्द बोलली, की माझा आठवडा गेला." इतक्या वर्षांत तिनं कुणाकडे काही मागितलं नव्हतं. ही खिडकी मागितली. मला तेव्हा कळलं, हिला ही खिडकी मिळाली नाही तर ही संपेल.

पण घरातून धंदा करायला कमिटीची परवानगी लागते. कमिटीत पाच जण. अध्यक्ष, ज्यांना जिन्यावरून उतरतानाही कोणीतरी वाट करून द्यावी लागते. सेक्रेटरी, अध्यक्ष शिंकले तर हा रुमाल काढतो. खजिनदारबाई, निवृत्त मास्तर, आणि पाचवे आमचे हे. ताई म्हणाली, "अर्ज कशाला? घरी बोलावते, एकेक ग्लास देते. प्यायल्यावर नाही म्हणणारा माणूस मी अजून पाहिला नाही."

रविवारी पाचची वेळ दिली होती. ताईनं घर असं लख्ख केलं होतं की पाय ठेवायला भीती वाटावी. पावणेपाचला वॉचमन आला, निरोप घेऊन. "साहेबांना जरा उशीर होईल." बिचारा दारातूनच परत फिरत होता. ताई म्हणाली, "उभे का? बसा." तो नको नको म्हणत खुर्चीच्या टोकावर बसला. बसला म्हणजे ताईच्या हिशोबानं त्याचा नंबर लागला! मी स्वयंपाकघरात जाऊन तिच्या कानाशी लागले, "ताई, अगं पाहुणे यायचेत, त्याला नंतर दे."

"आधी कोण आलं?"

"अगं पण..."

"मग झालं तर."

तेवढ्यात खजिनदारबाई आल्या, मग मास्तर, मग आमचे हे, मग सेक्रेटरी. एकेका ग्लासाला चार-पाच मिनिटं. एका वेळी दोन करेल तर शपथ! शेवटी अध्यक्ष आले. पांढराशुभ्र शर्ट, हातात छोटी डायरी. मधल्या मोठ्या खुर्चीत बसले आणि पहिलं काय पाहिलं, तर कोपऱ्यात वॉचमन लांब चमच्यानं आइस्क्रीम खातोय. तो ताडकन उठला. ताई आतूनच म्हणाली, "बसा हो, संपवा आधी."

मग ती ग्लास घेऊन बाहेर आली. अध्यक्षांनी हात पुढे केला. ताई त्या हातावरून ग्लास घेऊन गेली आणि सेक्रेटरीला दिला. वर हसून म्हणाली, "तुमचा सहावा नंबर, साहेब." कौतुकानं म्हणाली हो! दुकानात म्हणायची तसं. पण अध्यक्षांचा चेहरा आंबट झाला. मी डोळ्यांनी खुणावलं, घसा खाकरला, आमच्या ह्यांना कोपर मारलं. हे आपले फेस मिशीला लावून मजेत.

सहावा ग्लास आला तोपर्यंत फ्रीजचं दार दहादा उघडून आइस्क्रीम ढिलं पडलं होतं. गोळा बुडाला, फेस काठावरून ओघळला, दोन थेंब बशीत. अध्यक्षांनी घ्यायला हात उचलला, खरंच उचलला, मी पाहिलंय. तिथे गप्प बसली असती तर सगळं निभावलं असतं. पण बाईनं ग्लास मागे ओढला. "हा नाही चालायचा. असला ग्लास मी कोणाला देत नाही." आणि त्यांच्या डोळ्यांदेखत सिंकमध्ये ओतला. "दहा मिनिटं बसा. डबा जरा घट्ट होऊ दे."

अध्यक्ष उठले. "राहू द्या," म्हणाले. "वॉचमनला मिळालं ना, झालं तर." आणि निघून गेले. मागोमाग सेक्रेटरी, अर्धा ग्लास टाकून.

ताई मात्र दहा मिनिटांनी सातवा ग्लास करून बाहेर आली. इतका सुरेख झाला होता! "अरे, गेले?" म्हणाली. तिला खरंच काही कळलं नव्हतं. तो ग्लास आमच्या ह्यांनी प्यायला, वाया कशाला घालवायचा म्हणून. म्हणजे दोन झाले. चमचा चाटून म्हणाले, "ताई, तोड नाही तुमच्या हाताला."

बैठक पुढच्या बुधवारी संध्याकाळी होती, पार्किंगमध्ये, प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून. आदल्या दिवशी हे ऑफिसमधून आले आणि बूट काढता काढता म्हणाले, "अध्यक्ष भेटले होते. आपल्या बाल्कनीला काच लावायचा अर्ज आहे ना, तो उद्याच घेतील म्हणाले. आणि ताईंच्या खिडकीचं पण उद्याच आहे." एवढंच. मी काही लहान बाळ नाही, समजायचं ते समजले. धूळ पुसून पुसून माझा जीव जायचा, दोन वर्षं मी त्या काचेमागे लागले होते. मी म्हणायला हवं होतं, खड्ड्यात गेली ती काच. मी म्हटलं, "चहा टाकू?"

ताई पहिल्या रांगेत बसली होती, ठेवणीतली साडी नेसून. आधी आमची बाल्कनी आली, मिनिटभरात मंजूर. मग खिडकी. खजिनदारबाई म्हणाल्या, काय हरकत आहे. मास्तर म्हणाले, उत्तम चव होती. अध्यक्ष म्हणाले, चवीचा प्रश्न नाही, शिस्तीचा आहे. फुटपाथवर गर्दी होईल. "नको असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा." स्वतःचा केला. सेक्रेटरीचा वर गेला. ताईनं मान वळवून आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं, अगदी निश्चिंत, घरचं माणूस आहे म्हणून. ह्यांनी हात वर केला. पुरता सरळही नाही, डोकं खाजवल्यासारखा. पण मोजला गेला.

मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मी पर्स उघडून आत काहीतरी शोधायला लागले. पर्समध्ये काही नव्हतं.

त्यानंतर ती भांडली नाही, बोलणं टाकलं नाही. मला वाटत होतं, आज ना उद्या येऊन चांगली खडसावेल, मी रडेन, पाय धरीन, मिटेल. तसं काही झालं नाही. भेटली की "बरी आहेस ना?" म्हणायची, जशी परक्याला म्हणतात. ठेवणीतली साडी कपाटात गेली. घरातल्याच गाऊनवर ती दुपारी चारला झोपलेली दिसायला लागली.

काच बसली त्या रविवारी मी तिला वर बोलावलं. मलाच राहवेना. ती आली, बाल्कनीत उभी राहिली, काचेवरून बोट फिरवलं.

"छान झालीय. आवाजही येत नसेल बाहेरचा."

"नाही येत."

"आणि खालचं दिसतं?"

"काच गडद आहे ना, काही दिसत नाही," मी म्हटलं.

"बरं झालं," ताई म्हणाली. "आता दर वेळी पर्स उघडायला नको."

पायात चपला सरकवून ती जिना उतरायला लागली. मी दारात उभी होते. थांब म्हणायला तोंड उघडलं, पण कोणत्या तोंडानं म्हणणार होते?