सावलीची बाजू

सुनंदाताईंची आणि माझी ओळख भांडणातून झाली. भवानीनगरहून बारामतीला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत मी ड्रायव्हरच्या बाजूची खिडकी धरून बसले होते. तोंडाला स्कार्फ गुंडाळलेल्या एक बाई समोर येऊन म्हणाल्या, “बाई, तुमी त्या बाजूला बसा. ही सावली माजी हाय.” निम्मी गाडी रिकामी होती. मी चिडून उठले आणि मनातल्या मनात त्यांना बरंच काही बोलून घेतलं. पुढं कळलं, की त्या माझ्याच नव्या शाळेत क्लार्क आहेत, आणि जाताना ड्रायव्हरच्या बाजूला, येताना दाराच्या बाजूला बसतात. तिकडं ऊन येत नाही.

त्यांना ल्युपस होता. शरीराची राखण करणारी शक्तीच शरीरावर उलटते, असा हा आजार. ऊन लागलं की दोन्ही गालांवर लाल चट्टा उठायचा, सांधे धरायचे, ताप भरायचा. लग्नाला वर्ष व्हायच्या आत हे सुरू झालं आणि सासरच्यांनी त्यांना माहेरी आणून सोडलं. तिथं भावाची मुलगी पल्लवी त्यांनी अंगाखांद्यावर वाढवली. पण घरात कुजबुज वाढली, तशा त्या भवानीनगरला खोली घेऊन एकट्या राहू लागल्या.

“सूर्याचा आन माजा अबोला हाय,” असं त्या भावकीतल्या माणसाबद्दल बोलावं तसं म्हणायच्या. शाळेचं झेंडावंदन ऑफिसच्या खिडकीतून करायच्या. रविवारी काय करता, असं एकदा मी विचारलं, तर म्हणाल्या, “भिताडाशी बोलती. ते मधी तोंड घालत न्हाय.” मी हसले. त्या हसल्या नाहीत.

बारामतीच्या त्यांच्या डॉक्टरांनी त्यांना एका संशोधनात घेतलं होतं. रक्तातल्या खुणा पाहून कुणाचा ल्युपस सौम्य राहील आणि कुणाचा मूत्रपिंडापर्यंत जाईल, हे आधी ओळखता येईल का, ते शोधायचं होतं. काही खुणा प्रतिकारशक्तीच्या, काही जन्मतःच आलेल्या. ताईंच्या तपासण्या चांगल्या येत नव्हत्या. इतरांपेक्षा तुम्हाला ऊन जास्त महागात पडेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. तुलनेसाठी नात्याबाहेरची एक निरोगी बाई हवी होती आणि रक्ताच्या नात्यातलंही कुणीतरी. पहिल्या कामाला मी गेले. नर्सनं विचारलं, “या पेशंटच्या कोण?” मी मैत्रीण म्हणणार, तेवढ्यात ताई म्हणाल्या, “एसटीतल्या.” मला राग आला. मग लक्षात आलं, की माझ्याहून जवळचं त्यांना कुणीच नव्हतं, आणि मला तर त्यांची खोलीही माहीत नव्हती.

भाऊ रक्त द्यायला आला नाही. पल्लवीला स्थळं येत होती. आजार रक्तातला आहे असं चार लोकांत झालं तर पोरीचं कसं व्हायचं, असं त्याचं म्हणणं. मी त्याला नावं ठेवू लागले, तर ताईंनी मला गप्प केलं. “कोण येणार न्हाय, आन येऊबी नये.”

पल्लवीचं लग्न ठरलं. भर दुपारचा मुहूर्त, दारातच मांडव. भावाचा फोन आला, की तुला उन्हाचा त्रास होईल, तू दगदग करू नकोस. हे सांगून ताई म्हणाल्या, “दादानं पहिल्यांदाच माज्या उन्हाची काळजी केली बगा.”

लग्नाच्या दिवशी त्या नेहमीच्या गाडीला आल्या. मी त्यांच्यासाठी सावलीची खिडकी धरली होती. त्या मला ओलांडून पलीकडे, उन्हात जाऊन बसल्या. भावाचं घर वाटेवरच, रस्त्याच्या त्या बाजूला होतं. घर जवळ आलं तसा त्यांनी तोंडावरचा स्कार्फ सोडला. मांडवाच्या तोंडाशी पल्लवीला हळद लावत होते. गाडी पुढं गेली, तरी ताईंनी स्कार्फ बांधला नाही. बारामती येईपर्यंत तशाच बसल्या. “पिवळं शोभतं तिला,” एवढंच म्हणाल्या.

पंधरवड्यात अंगावर सूज आली. मूत्रपिंडं थकली आणि त्यातून ताई उठल्या नाहीत. एका दिवसाच्या उन्हावर सगळं ढकलता येणार नाही, आजार आधीच वर चढत होता, असं डॉक्टर म्हणाले. त्यांचं खरं असेल. मला ते अजून पटत नाही.

दहाव्यानंतर पल्लवी मला शोधत शाळेत आली. आत्याच्या त्या संशोधनासाठी रक्त कुठं द्यायचं, असं विचारत होती. सासरी सांगितलंस का, म्हटलं. सांगूनच आले, म्हणाली. दवाखान्यापर्यंत आम्ही चालत गेलो. वाटेत ती थांबली.

“बाई, त्या दिवशी मला आत्या दिसली हुती. तोंड उघडं ठिवून माज्याकडंच बगत हुती. मी हात न्हाय केला. सासरची माणसं शेजारीच हुती.”

मला तिची समजूत घालता आली नाही. घालायची इच्छाही नव्हती.

दवाखान्यात तीच नर्स होती. तिनं विचारलं, “पेशंटच्या कोण?”

“भाची,” पल्लवी म्हणाली. “सख्खी.”

नर्सनं मान वर केली. ताई गेल्याचं तिला कळलेलं होतं. दंडाला पट्टा बांधत ती म्हणाली, “ताई दर खेपेला जाताना सांगून जायच्या, पुढच्या टायमाला माजी भाची येणार हाय म्हणून.”