दोन कानांचं पोलकं

डोमाजींनी आयुष्यात पहिल्यांदा मशीनवर शिवलेली उशीची खोळ चारही बाजूंनी बंद निघाली. त्यांच्या बायकोनं, पंचफुलाबाईंनी, ती डाव्या हातानं उलटीपालटी करून पाहिली आणि एवढंच विचारलं, की उशी घालायची कुठून? डोमाजींनी टोपी काढून डोकं खाजवलं. यात त्या बापड्यांचा तरी काय दोष? अकोल्याच्या मार्केट यार्डात त्यांचा सारा जन्म तुरीची आणि सोयाबीनची पोती शिवण्यात गेलेला. शिवणं म्हणजे भरलेल्या पोत्याचं तोंड बंद करणं, एवढंच त्यांच्या हातांना ठाऊक होतं.

मशीन खरं तर पंचफुलाबाईंचं. जठारपेठेच्या मागच्या गल्लीत त्यांच्या दोन खोल्या, आणि त्यातल्या पुढच्या खोलीत खिडकीखाली ते पायमशीन. उन्हाळा लागला की बाई बाजारातून पांढऱ्या कापडाचा एक तागा आणवायच्या आणि त्या एका ताग्यातून सगळ्या घराचे कपडे बेतायच्या. मुलगा संघपाल अमरावतीला, राजापेठेत राहतो. त्याचा शर्ट, सून माधवीचा कुर्ता, नात खुशीचा फ्रॉक, डोमाजींचा सदरा आणि स्वतःचं पोलकं. बुद्धपौर्णिमेला ही सारी मंडळी एकाच कापडात विहाराकडे निघाली, की गल्लीतले लोक म्हणायचे, चला, बँडपार्टी निघाली. बाईंना त्याचं काही वाटत नसे. शिवणाच्या बाबतीत त्या नाकावर माशी बसू देत नसत. दुकानातला तयार शर्ट आधी आतून उलटा करून पाहायच्या, आणि ती शिवण पाहून दुकानदाराच्या तोंडावर नाक मुरडायच्या.

यंदा थंडी सरता सरता त्यांना लकव्याचा झटका आला. उजवा पाय हळूहळू ओढत का होईना चालू लागला, पण उजवा हात काही उठेना. जिभेला मात्र धक्काही लागला नव्हता, याची साक्ष अख्खी गल्ली देईल. माधवीनं येऊन सैल गाऊन आणून दिले, कारण गाऊन वरून टाकला की झालं. तेव्हापासून बाई गाऊनवर होत्या आणि गाऊनवर आहेत म्हणून उंबऱ्याबाहेर पडत नव्हत्या. शेजारणी भेटायला आल्या की अंगावर टॉवेल ओढून बसायच्या.

माधवीनं एकदा फोनवर पौर्णिमेचा विषय काढला. ती म्हणाली, मी आदल्या दिवशी येते, तुम्हाला पोलकं घालून देते, साडी नेसवते, रिक्षानं जाऊ. बाईंनी ऐकून घेतलं आणि फोन ठेवल्यावर भिंतीकडे तोंड करून डोमाजींना सांगितलं, की आपण जाणार नाही.

"साडी कोनीबी नेसवून देते," त्या म्हणाल्या. "नवरीलेबी दुसरेच नेसवतात. पन पोलकं दुसऱ्याच्या हातानं दोघालेच घालतात. तान्ह्या लेकराले नाई तर मेलेल्याले. मी या दोघांतली नोय."

डोमाजी फार बोलणाऱ्यांतले नव्हेत. पण ते वाक्य त्यांच्या काळजात रुतलं ते रुतलंच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मशीनवरची धूळ पुसली, तेल घातलं आणि बायकोला म्हणाले, की यंदाचे कपडे मी शिवतो, तू सांगत जा. मनात काय आहे याबद्दल मात्र ताकास तूर लागू दिली नाही.

असा तो उन्हाळा सुरू झाला. अकोल्याच्या उन्हाविषयी नव्यानं काय सांगावं? दुपारी कूलर लावला तर वाऱ्यानं कापड उडून जाई, म्हणून तो बंद. आणि बंद म्हणून दोघंही घामानं चिंब. बाई खाटेवर उशीला टेकून बसायच्या, डाव्या हातात साबणाची वाळलेली वडी धरून कापडावर वाकड्यातिकड्या रेघा ओढायच्या आणि डोमाजी त्या रेघांवरून कात्री चालवायचे. कात्री जरा चुकली, की खाटेवरून तोंडाचा पट्टा सुरू. संघपालच्या शर्टाची एक बाही उलटी लागली, तेव्हा बाईंनी विचारलं की पोरगा मागून हात घालणार आहे काय. खुशीचा फ्रॉक मात्र बरा जमला. त्याचा घेर जरा एका बाजूला झुकला होता, पण नाचरी पोर ती, तिला कोण थांबवून पाहणार? डोमाजींनी आपला सदराही केला, घालून पाहिला आणि आरशासमोर उगाच थोडा वेळ उभे राहिले. बाई हसल्या. झटक्यानंतर त्या पहिल्यांदाच हसल्या होत्या, आणि डोमाजींना वाटलं, चला, मशीनवर बसल्याचं सार्थक झालं.

शेवटी ताग्यात पोलक्यापुरतं कापड राहिलं. मग एका दुपारी डोमाजींनी पेटीतून बाईंचं जुनं पोलकं काढलं, त्या कापडावर पसरलं आणि निमूटपणे चहूकडून थोडं मोठं कापायला घेतलं. नवरा चुकीचं कापतो आहे हे पाहून गप्प बसणं काही त्यांना जमणारं नव्हतं. काखेत अजून सैल ठेवा, त्या म्हणाल्या. आणि हुक लावू नका, एका हातानं हुक लागत नाही, पुढे मोठी टिचबटणं लावा.

पोलकं उभं राहिलं. बाई ते घेऊन आतल्या खोलीत गेल्या आणि मधला पडदा ओढून घेतला. उजवा हात बाहीत घालायचा तर डाव्या हातानं ती बाही वर खेचावी लागते, आणि सुळसुळीत नवं कापड चिमटीत येत नव्हतं. बाही कोपरापाशी अडकली की अडकलीच. खांद्यापर्यंत कशीबशी आली, तर दुसरी बाजू पाठीमागे जाऊन पडे आणि हाती लागेना. पडद्याबाहेर डोमाजी उभे होते. आत जावं असं त्यांना फार वाटत होतं, पण बायकोचं ते वाक्य आठवून ते तिथंच थांबले. बऱ्याच वेळानं पडद्याखालून पोलकं बाहेर फेकलं गेलं. डोमाजींनी ते उचललं, झटकलं आणि काहीच झालं नाही असं दाखवत मशीनजवळ जाऊन बसले. गळ्याची हातशिलाई राहिली होती. डोळ्यांत पाणी होतं, समोरचं नीट दिसत नव्हतं. हात आपले टाके घालत राहिले.

बाई पडदा सारून बाहेर आल्या, तेव्हा त्यांना पोलक्याच्या गळ्याच्या दोन्ही टोकांना कापड गोळा करून दोऱ्यानं आवळलेल्या दोन गाठी दिसल्या. पोतं शिवून झालं की शिवणारा त्याच्या दोन कोपऱ्यांना असेच कान काढतो. डोमाजींच्या हातांनी इतक्या वर्षांच्या सवयीनं इथंही ते काढून ठेवले होते, आणि त्यांना पत्ताच नव्हता.

"मले का पोतं समजून राहिले तुमी?" बाईंनी विचारलं.

डोमाजी ओशाळले. आधीच पोलकं फसलेलं, त्यात हा आणखी शहाणपणा. कान कापून टाकायला त्यांनी कात्री उचलली, तर बाईंनी डाव्या हातानं ती धरली.

"थांबा. पोत्याले कान कायले ठेवता?"

"धराले," डोमाजी म्हणाले. "कान नसले त पोतं हाती येत नाई. कितीबी ताकदीचा मानूस असो."

बाईंनी पोलकं मांडीवर ओढलं, एका कानात डाव्या हाताचं बोट अडकवून झटका दिला आणि गाठ जागची हलते का ते पाहिलं. मग साबणाची वडी मागितली आणि दोन खुणा केल्या. एक कान उजव्या बाहीच्या वर, खांद्यावर. दुसरा गळ्याच्या डाव्या बाजूला, मानेमागून हात नेला की सापडेल असा. तिथं काढा, त्या म्हणाल्या, आणि यार्डातली गाठ मारा, शिंप्याची नको.

डोमाजींनी यार्डातली गाठ मारली. ती एकदा बसली, की हमाल लोंबकळला तरी सुटत नाही.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी अमरावतीची मंडळी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी माधवी साडी घेऊन पडद्याशी उभी राहिली, तर बाईंनी तिला बोलावीपर्यंत थांबायला सांगितलं. सदरा घालून डोमाजी उंबऱ्यावर बसले होते. आतून धाप लागल्याचा आवाज येत होता, मध्येच खाट करकरत होती. माधवी दोनदा पुढे झाली आणि डोमाजींनी दोनदा मान हलवून तिला थांबवलं. मग आत टिचबटणाचा टिच असा आवाज झाला. थोड्या वेळानं दुसरा. डोमाजी कानांत प्राण आणून ऐकत होते. बटणं एकामागून एक लागत गेली आणि शेवटी बाईंनी सुनेला साडीसाठी आत बोलावलं.

बाई पांढऱ्या साडीत बाहेर आल्या. उजव्या खांद्यावर तो कान टोपीच्या गोंड्यासारखा वर आलेला. माधवी पदराखाली तो झाकू लागली, तर त्यांनी तिचा हात बाजूला केला. राहू दे, लोकांना दिसू दे, त्या म्हणाल्या. पाय ओढत त्या उंबऱ्यापाशी आल्या आणि डोमाजींसमोर थांबल्या. गळ्याजवळचं सगळ्यात वरचं बटण उघडं होतं. खालची अवघड बटणं लागली आणि हे सोपं कसं राहिलं, ते डोमाजींना कळेना.

"तेवढं तुमी लावा," बाई म्हणाल्या. "म्या ठेवलं हाये."

डोमाजी उठले. दाभण धरून धरून त्यांची बोटं जाड झाली होती, त्यामुळे बटण लागायला अंमळ वेळ लागला. बाई मान वर करून तेवढा वेळ उभ्या राहिल्या.