संबळाचे हात

श्रीगोंद्यात आमचा फोटो स्टुडिओ होता. नवरा फोटो काढायचा आणि मी मागच्या खोलीत बसून बारीक पेन्सिलीने निगेटिव्हवरचे डाग झाकायची. सत्तर-एकाहत्तरच्या सुमारास त्याने एक जुना आठ मिलिमीटरचा कॅमेरा आणि प्रोजेक्टर आणला. तेव्हापासून लग्नाच्या फिल्मा कापायचं आणि जोडायचं कामही माझ्याकडेच आलं.

एक दिवस कर्जतकडचे एक गोंधळी मामा आले, संबळ घेऊन. परदेशी पाठवायच्या कलावंतांची पुण्यात निवड होती आणि त्यासाठी आधी फिल्म पाठवायची होती. नवऱ्याने अंगणातच त्यांचं चित्रण केलं. कॅमेऱ्यात आवाजाची सोय नव्हती, म्हणून मी शेजारी टेपरेकॉर्डर घेऊन बसले.

रीळ मुंबईहून धुऊन आलं तेव्हा मामांना बोलावलं. पडद्यावर स्वतःला बघताच त्यांनी खुर्चीत बसल्या बसल्या फेटा सारखा केला. मग मी टेप लावली.

"थांबवा, थांबवा!" ते उठूनच उभे राहिले. "वहिनी, हात वर गेल्यावर थाप वाजतीया. ह्यो हात माजा, पन वाजवनारा दुसराच हाय."

खरंच होतं. आमच्याकडे वीज कमीजास्त व्हायची. टेप कधी रेंगाळायची, कधी पळायची.

"एवढं कोण बघतंय?" नवरा म्हणाला.

मला मात्र दुसरं काही सुचेना. ब्लेडने तुकडा कापायचा, जोडायचा, लावून बघायचा, पुन्हा उखडायचा. पोळ्या लाटताना डोक्यात तोच ठेका. भाजी करपली, दूध उतू गेलं. रस्त्यावर कुणी लाकूड फोडत असलं तरी मी थांबून बघायची, घाव आणि आवाज एकदमच येतात ना!

शेवटी मामांना पुन्हा बोलावलं. "पडद्याकडे बघत वाजवा, मी नवा आवाज भरते," म्हटलं.

त्यांनी तीनचार वेळा प्रयत्न केला. दर वेळी त्यांचा हात पडद्यावरच्या हाताच्या पुढे पळायचा.

"त्या दिशी मी निवांत हुतो," ते घाम पुसत म्हणाले. "औंदा पाऊस न्हाई, कुनी गोंधळ घालीत न्हाई. डोक्यात इचार लई. मलाच माजं जमंना."

मग त्यांनी पडद्याकडे पाठ केली, डोळे मिटले आणि वाजवायला लागले. माझ्या अंगावर काटा आला. मी टेप बंद केली नाही. ते वाजवणं चित्राशी अजिबात जुळणारं नव्हतं आणि ते सोडून द्यायला माझं मन होईना.

दुसऱ्या दिवशी तोच नवा आवाज ठेवून मी फिल्ममधून हातच कापून टाकले. चेहरा ठेवला, हलणारा फेटा ठेवला, अंगणात जमलेल्या शेजारणी ठेवल्या. आता खोटं काही दिसत नव्हतं.

मामांनी ते शेवटपर्यंत पाहिलं. "हात कुटं गेलं?"

"जुळत नव्हते, मामा."

"बरं दिसतंय," ते म्हणाले. पण चेहरा उतरला होता. "पाठवा."

ते गेल्यावर कापलेले तुकडे मी दोनदा पुन्हा जोडायला घेतले, दोनदा ठेवून दिले. नवऱ्याने शेवटी फिल्मचा आणि टेपचा डबा माझ्या हातातून काढून घेतला आणि पोस्टात टाकून आला.

महिन्याभराने मामा पेढे घेऊन दारात हजर! पुण्याला बोलावलं होतं, वाजवून दाखवलं, निवड झाली होती.

"फिल्म आवडली त्यांना?" मी घाईने विचारलं.

"आवडली म्हंजी... त्यातला एक सायब म्हनला, सगळं दाखवलं आन् हातच न्हाई दाखवलं, ह्यो वाजवतो का नुसता बसतो, ते बघाय बोलावलं." मामा खो खो हसले. नवराही हसला.

मी पेढा हातात घेतला. आपलं काम साधलं की फसलं, ते मला त्या दिवशी ठरवता आलं नाही, आणि नंतरही कधी आलं नाही.