आमच्या घरचा खलनायक

माझे यजमान यादवराव दिवसा कुणाला ‘अरे’सुद्धा म्हणत नसत. आरमोरीकडच्या एका गावात ढोरांच्या दवाखान्यात ते कंपाउंडर होते. बैलाला सुई टोचण्याआधी त्याच्या कानाशी वाकून ‘जराकसं दुखन बाबा’ असं सांगत, आणि बैलही समजूतदारपणे उभा राही. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली, तरी गावातले लोक त्यांचं नाव काढलं की ‘देवमाणूस’ म्हणतात. हा देवमाणूस झोपला की मला बदडत असे.

बदडत म्हणजे अगदी मन लावून. बुक्की, लाथ, कोपर, आणि सोबत वेशीपर्यंत जातील अशा आरोळ्या. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात माझा डोळा काळानिळा झाला. जागे झाल्यावर यांना मारल्याचा पत्ता नाही, फक्त स्वप्न आठवे. स्वप्नात म्हणे मी मोहफुलं वेचायला गेलेली असे, माझ्यावर अस्वल धावून येई आणि हे मला त्याच्या तावडीतून सोडवत. म्हणजे वाचवायचं मला आणि मारही मलाच. इतकी काळजी घेणारा नवरा भाग्याने मिळतो, असं मी त्यांना म्हटलं, पण त्यांना हसू आलं नाही. मान खाली घालून ते माझा डोळा शेकत बसले.

उपाय पुष्कळ झाले. खाटा वेगळ्या केल्या, तर हे अस्वलाच्या मागे माझ्या खाटेपर्यंत येत. दाव्याने हात बांधून पाहिले, पण ढोरं बांधण्या-सोडण्यात उभा जन्म गेलेला, झोपेतही गाठ सोडून ते कामाला लागत. तालुक्याच्या डॉक्टरने पोट साफ राहायचं औषध दिलं. पोट साफ झालं, मार चालूच राहिला. शेजारणींनी पुजाऱ्याकडे न्यायला सुचवलं, तर सासरे ताडकन म्हणाले, “आपन धम्माची दीक्षा घेतली हाये. आपल्या घरी कोनाच्या आंगात येत नाई.” त्यामुळे आमच्याकडे अंगात यायचीही सोय नव्हती.

एके दिवशी शेजारच्या वच्छलाबाईने विचारलंच, यादवभाऊ रोज काऊन ओरडतात म्हणून. माझ्या तोंडून निघून गेलं, ‘नाटकाची तालीम करतात.’ आमच्या झाडीपट्टीत हे कुणालाही पटतं. दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते, रात्रभर नाटक होतं, आणि न्हाव्यापासून सरपंचापर्यंत सगळे घरात तलवारी फिरवत असतात. वच्छलाबाईचं समाधान झालं. पुढे माझा सुजलेला ओठ पाहून ती कौतुकाने ‘तालमीत लागलं काय’ असं विचारू लागली.

ही थाप दोन-तीन वर्षं छान चालली. मग एका वर्षी गावच्या नाटकातल्या खलनायकाला ऐन वेळी हिवताप आला आणि नाट्यमंडळ आमच्या ओट्यावर हजर झालं. म्हणाले, “सारा गाव तुमचा आवाज ऐकून राह्यला, यादवभाऊ. तुमच्यासारखा खलनायक पंचक्रोशीत नाई.” नाही म्हणावं, तर माझ्या ओठाचं कारण काय सांगावं? यादवराव हो म्हणाले आणि रात्री जेवले नाहीत.

त्याच मंडईला माझा मोठा भाऊ ब्रह्मपुरीहून आला. पाहुणे नाटकाला येतात, हा मला न्यायला आला होता. दिवाळीत त्याने माझा काळानिळा दंड पाहिला होता. झोपेची हकिकत त्याला पटली नाही, आणि मी भाऊ असते तर मलाही पटली नसती. मी येत नाही म्हटलं. पण यादवरावच म्हणाले, “जा तू. मनात असल्याबगर हात उठते काय, शांता? माह्या आत कोनीतरी वाईट मानूस हाये.” मार मी सहन केला होता, हे वाक्य मला सहन झालं नाही. मी चुलीपुढे बसून रडले. शेवटी नाटक होऊन जाऊ दे, मग ठरवू, यावर भाऊ थांबला.

तालमी बऱ्या गेल्या होत्या. नायिका नागपूरहून नाटकाच्या दिवशीच येणार, म्हणून तोवर नायिकेच्या जागी कोंड्याचं पोतं उभं करत. यादवराव त्या पोत्यावर चाबूक छान ओढत.

नाटकाला भाताच्या तणसावर घोंगड्या टाकून सारा गाव बसला होता, माझा भाऊ अगदी पुढे. चाबकाचा प्रवेश आला. नायिका पायाशी पडली, आणि आमचा खलनायक तिच्याकडे पाहत नुसता उभा. विंगेतून संवाद सांगणाऱ्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचला. गाव ‘मार, मार’ म्हणून ओरडू लागला. नायिकाही हळूच म्हणाली, “मारा ना भाऊ, खोटंच तर आहे.” यादवरावांनी चाबूक खाली ठेवला आणि तिला हाताला धरून खुर्चीवर बसवलं. बाई नाटकात मुरलेली होती. तिने चाबूक उचलून खलनायकालाच दोन फटके दिले. पडदा पडला, टाळ्या थांबेनात. माझा भाऊ डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला, आणि घरी येताना मला न्यायचा विषयच त्याने काढला नाही.

सकाळी गावभर या खलनायकाची थट्टा चालली होती आणि खलनायक तोंडाचा रंगही न धुता माझ्यापुढे येऊन बसले. म्हणाले, “सारा गाव मार म्हनत होता. चाबूक हातात होता, अन् मी जागा होतो. तरी हात नाई उठला, शांता.” ते रडत होते. इतकी वर्षं ते स्वतःला भिऊन झोपायला जात होते, हे मला तेव्हा नीट कळलं. जा म्हणून त्यांनी मला पुन्हा कधी सांगितलं नाही. भावाने एकट्यानेच एस.टी. पकडली. निघताना म्हणाला, “जवाईबुवा, पुढच्या साली राजा व्हा. त्याले नुसतं बसून राहा लागते.”

दुपारी ते आडवे झाले, मीही शेजारी टेकले. थोड्याच वेळात त्यांचं कोपर माझ्या बरगडीत असं बसलं की डोळ्यांपुढे काजवे चमकले. एरवी मी त्यांना गदागदा हलवून उठवत असे. पण त्या माणसाला लग्नानंतर पहिल्यांदाच निर्धास्त झोप लागली होती. मी पदर तोंडात धरला आणि त्यांना झोपू दिलं.