एका टिंबाचं भाडं

माझी नणंद हसायला लागली की तिला उचकी लागते, आणि उचकी लागली की तिला आणखी हसू येतं. अशा बाईच्या हाती आमच्या गावाने गोरगरिबांची घरभाडी सोपवली आहेत. आणि काम अगदी चोख चालतं, हे मला तिची वहिनी असूनही कबूल करावं लागतं.

‘भाडे-मदत केंद्र’ हे नाव भारदस्त. जागा म्हणजे वाचनालयाच्या जिन्याखालची खोली. दोन टेबलं, एक पंखा आणि लाथ मारल्याशिवाय न उघडणारं एक लोखंडी कपाट. ज्यांचं भाडं थकलंय आणि घरमालक दाराशी येऊन खाकरायला लागलाय, त्यांनी इथे यायचं. नणंद त्यांचं ऐकून घेते, घर बघून येते आणि नगर समितीकडून दोन-तीन महिन्यांचं भाडं मंजूर करून थेट मालकाला पोचवते. आमची पोरं तिला आत्या म्हणतात, ते ऐकून सगळी वस्तीच आत्या म्हणायला लागली. परवा पंचाहत्तरीच्या एका आजोबांनी जिन्यातून “आत्या” अशी हाक मारली, तर हिने “काय रे बाळा” म्हणून ओ दिली. मग दोघंही बराच वेळ कामाचं काही बोलू शकले नाहीत.

घर बघायला गेली की ती आधी प्यायला पाणी मागते. पाणी येईपर्यंत तिला सगळं दिसलेलं असतं: भिंतीवर कपाट नाही पण कपाटाचा चौकोन आहे, गॅसच्या दोन शेगड्यांपैकी एकीवर धूळ आहे. मिळकतीचं ती शेवटी विचारते, तेही निघता निघता, चपला घालताना. खोटं बोलणारे तोवर बेसावध झालेले असतात आणि खरं बोलणाऱ्यांची लाज गेलेली असते.

तिचा एकच दोष, तो म्हणजे टिंबं. घाईत लिहिताना ती अनुस्वार देत नाही. आम्ही दोघी शाळेपासून एका वर्गात. ती माझ्या वहीत बघून लिहायची आणि तरीही चुकायची. पुढे मी तिच्या भावाशी लग्न केलं आणि तिची टिंबं कायमची माझ्या गळ्यात पडली. केंद्रात माझं काम तेवढंच, की तिचे कागद वाचायचे, गळलेली टिंबं जागच्या जागी बसवायची आणि समितीसाठी स्वच्छ अक्षरात यादी करायची. शुद्धलेखनाचा मला ताठा आहे, लपवत नाही.

त्या महिन्यात यादीत चाळीस घरं होती. सतरावा कागद असा होता: ‘रगारी. शिडीवरून पडला, खादा मोडला. बायको शाळेचे गणवेश शिवते. शनिवारी दुपारी बारापर्यत जागा खाली करायला सागितलय.’ नणंद त्या घरून आली होती तेव्हा हसत नव्हती, म्हणून मला ते घर लक्षात राहिलं. बाईकडे एका शाळेचे साठ गणवेश बेतून पडले होते. खोली गेली तर मशीन ठेवायचं कुठे, आणि मशीन थांबलं तर खायचं काय, असा सरळ हिशेब होता. मी भराभर टिंबं दिली. रंगारी. खांदा. बारापर्यंत. सांगितलंय. हात असा रंगात आला होता की पुढच्या रकान्यातही मी एक टिंब जास्तीचं दिलं.

गुरुवारी यादी सही होऊन परत आली. एकोणचाळीस घरांचे चेक निघाले. सतरावा आकडा लाल शाईने गोल केलेला होता, आणि त्यापुढे माझ्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: ‘तीन महिन्यांचं भांडं.’

नणंदेने ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि टेबलावर डोकं ठेवलं. मला वाटलं, रडतेय. तेवढ्यात पहिली उचकी आली. तीन महिन्यांत भांडं केवढं वाढत असेल, असं ती मला विचारत होती. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. साठ गणवेश माझ्या डोळ्यांसमोरून हलेनात. मी सरळ रडायला लागले. एका खोलीत एक रडतेय आणि एक उचक्या देतेय, हे बघून दाराशी आलेला अर्जदार उद्या येतो म्हणून निघून गेला.

समितीचे हिशेब बघणाऱ्या गृहस्थांना आम्ही कलमकाका म्हणतो, कारण ते जेवायला उठतानाही कलम सांगून उठतील. त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं. योजनेत भांडी बसत नाहीत. चूक असेल तर जिने लिहिलं तिने खोडून सही करावी, आणि शेजारी अध्यक्षांनी सही करावी. नाहीतर पुढच्या महिन्याची बैठक आहेच. अध्यक्ष त्या दिवशी परगावी गेलेले, येणार शुक्रवारी दुपारी. मी घरी नणंदेला म्हटलं, माझ्या बांगड्या आहेत, मोडून टाकू आणि मालकाच्या हातावर ठेवू. माझीच चूक, मीच निस्तरते.

“बांगड्या राहू देत,” ती म्हणाली. आता हसत नव्हती. “तिने मदत मागितली ती नियमाने मागितली. तिचं नाव यादीत आहे. तू खिशातून दिलेस तर ते उपकार होतील, आणि ती उद्यापासून आपल्याला बघून रस्ता बदलेल.”

शुक्रवारी अध्यक्ष घरी नव्हते. ते होते दातांच्या डॉक्टरांकडे, खुर्चीत आडवे, तोंडात कापूस आणि अर्धा जबडा सुन्न. नणंद आत घुसली, तिच्यामागे कागद घेऊन मी. डॉक्टर बाहेर व्हा म्हणाले, तर ही त्यांनाच दिवा जरा इकडे करा म्हणाली. गंभीरपणे सगळं सांगत ती ‘भांडं’पर्यंत आली आणि तिथेच तिला उचकी लागली. उरलेलं मी सांगितलं. अध्यक्षांनी कागद डोळ्यांसमोर धरला. तोंडाचा चालू असलेला अर्धा भाग हसायला लागला, दुसरा तसाच गंभीर राहिला. त्यांनी आडव्यानेच सही केली.

आडव्याने केलेली सही आडवीच आली. शनिवारी सकाळी कलमकाकांनी ती जुन्या सहीशेजारी धरली आणि जुळत नाही म्हणाले. घड्याळात साडेनऊ. त्यांनी अध्यक्षांना फोन लावला. जबडा सुजलेला होता. पलीकडून नुसतं “अं… अं…” येत होतं. कलमकाकांनी फोनवर हात ठेवून विचारलं, हे काय समजायचं?

“अनुस्वार,” नणंद म्हणाली. “तोच आहे, आम्ही काढून टाकलेला.”

कलमकाका हसताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिले. नियम मात्र त्यांनी सोडला नाही. होकार असेल तर एकदा, नकार असेल तर दोनदा, असं अध्यक्षांकडून ठरवून घेतलं, एकदा “अं” ऐकलं, त्याची वेळेसह नोंद केली आणि मगच चेक लिहायला घेतला.

सव्वाअकरा. आम्ही पन्नाशीतल्या दोन बायका भर रस्त्यातून पळत सुटलो. तिच्या एका चपलेचा पट्टा तुटला, तर तिने दोन्ही चपला हातात घेतल्या. घरमालक खालीच राहत होता. त्याने चेक उलटसुलट पाहिला, नवीन भाडेकरूला आता काय सांगू म्हणून कुरकुरला आणि तीन महिन्यांची पावती फाडून दिली.

वर दार उघडंच होतं. मशीनचं डोकं स्टँडवरून काढून चादरीत बांधलेलं, गणवेशांची गाठोडी दाराशी रचलेली, पडद्यामागे रंगारी झोपलेला. बाई आम्हाला बघून उभी राहिली आणि काही न विचारता पाणी आणायला वळली. नणंदेने तिचा हात धरून त्यात पावती ठेवली. ती वाचून झाल्यावरही बाई वर बघेना.

मला राहवेना. दोन दिवस तुमच्या जिवाला घोर लागला तो माझ्यामुळे, असं म्हणून मी तिला यादीची प्रत दाखवली. तिने बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. तीन. महिन्यांचं. भांडं. मग हळूच विचारलं, “झाकणासकट होतं का हो?” आणि हसायला लागली. आधी पदर तोंडावर धरून, मग पदर सोडून, मग गणवेशांच्या गाठोड्यावर मटकन बसून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. नणंद तिच्याकडे बघत उभी होती. चपला अजून हातातच होत्या.

पडद्यामागून रंगाऱ्याचा आवाज आला, “कोण आलंय गं? कोण हसतंय?”

बाईला बोलता येईना. शेवटी मी पडदा सारून सांगितलं, तुमची बायकोच हसतेय. तो खांदा सांभाळत उठून बसला. काय झालं, जागा राहिली की गेली, यातलं काही त्याने विचारलं नाही.

“पडदा तसाच राहू द्या,” तो म्हणाला. “ऐकू येऊ दे.”